चिपेखालचा कागद

"हा भोक मोठं करायचा, हा गुळगुळीत करायचा, हा काडतुसाचं घर कापायचा," विल्फ म्हणाला. कारखान्यात बंदुकीच्या नळ्या आतून कापायचा एकेक रीमर तो तेलकट फडक्यावर मांडत होता. "आणि हा चोकचा. नळीच्या तोंडाशी छर्रे आवळले जातात, तिथला. याला तुझा बाप मला हात लावू देत नसे."

हेटीचं लक्ष नव्हतं. ती कॅनडाहून बर्मिंगहॅमला पोचली तेव्हा वडिलांना पुरून नऊ दिवस झाले होते. अंगावर अजून जहाजावरचाच कोट होता. विल्फने आल्या आल्या तिच्या हॅटकडे बघून, तिकडे बायका डोक्यावर पातेली घालतात का, असं विचारलं होतं. ती हसली होती, पण तेवढ्यापुरतीच.

सकाळी तिने घरातला खण उघडला होता. तिची सगळी पत्रं त्यात होती. अकरा वर्षं, दर महिन्याला एक. तारखेप्रमाणे लावलेली आणि प्रत्येक पाकीट सुरीने नीट कापलेलं. ती न उघडलेली असती तर तिला सोपं गेलं असतं. आई गेल्यावर तीन आठवड्यांत ती नवऱ्याबरोबर जहाजावर चढली, म्हणून बाप रागावला, पत्रं तशीच टाकली, असं समजून चालता आलं असतं. पण त्यांनी प्रत्येक पत्र वाचलं होतं आणि एकाचंही उत्तर दिलं नव्हतं.

"विल्फकाका, बाबा माझ्याबद्दल कधी काही बोलले?"

विल्फने हातातला रीमर पुसायला घेतला. तिच्या वडिलांच्या, एनॉकच्या, शेजारच्या लेथवर त्याने पंचवीस वर्षं काढली होती. एनॉकचं त्या पंचवीस वर्षांतलं बोलणं एकत्र केलं तर एक दुपारही भरायची नाही, असं तो म्हणाला. मग म्हणाला, "नाही, पोरी. तुझं नाव त्याने कधी काढलं नाही."

हेटीने मान हलवली. हत्यारं तुम्हीच ठेवा, असं तिने सांगितलं. तिच्या घरी त्यांचा कोणाला उपयोग नव्हता. संध्याकाळच्या गाडीने ती परत निघणार होती.

विल्फला ते आवडलं नाही. एनॉकने यांच्या धारा स्वतःच्या हाताने लावल्या होत्या, त्या दुसऱ्याच्या हाताला कशा ऐकतील, असं तो पुटपुटला. निदान हा एक बघून जा म्हणत त्याने एक लांब चौकोनी सळई तिच्यापुढे धरली.

नळीचं भोक शेवटी याच रीमरने कापायचं. याची एकच कड कापते. उलट बाजूला लाकडाची एक चीप बसते आणि ती नळीला आतून टेकून राहते. एकदा कापून झालं की चिपेखाली कागदाची एक पट्टी सरकवायची. चीप कागदाच्या जाडीएवढी उचलली जाते, कड तेवढीच पुढे रेटली जाते, आणि भोक केसापेक्षाही कमी वाढतं. मग आणखी एक पट्टी. कागद मात्र सगळीकडे सारख्या जाडीचा हवा.

"मी आपला वर्तमानपत्र वापरतो," विल्फ म्हणाला. "तुझ्या बापाचा थाट वेगळा. त्याला पत्राचा कागद लागायचा."

त्याने एक पत्र्याचा डबा उघडला. आत पातळ, निळ्या कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या होत्या. हा कागद एनॉक कोपऱ्यावरच्या दुकानातून आणायचा. दर महिन्यात एका शनिवारी तो जेवणाच्या सुट्टीत खिडकीपाशी पेन्सिल घेऊन बसायचा. पाव तसाच राहायचा. बाकीचे चिडवायचे की एनॉक, कोण आहे रे ही, लग्नाला आम्हाला बोलव. भोंगा झाला की तो उठायचा आणि कात्रीने त्या कागदाच्या पट्ट्या पाडायचा.

हेटीने डब्यातल्या पट्ट्या वरखाली केल्या. सगळ्या कोऱ्या होत्या.

"लिहिलेल्या कुठे आहेत?"

"पेन्सिलीची पट्टी कामाला येत नाही. चीप तिच्यावरून घसरते. प्रत्येक कागदाची वरची तेवढी एक पट्टी वाया जायची." विल्फने डब्याच्या तळातून तारेने बांधलेला एक गठ्ठा काढला. कोरी बाजू वर होती. तो त्याने तसाच तिच्या हातात दिला आणि लेथकडे तोंड केलं. "टाकून का देत नाहीस, असं मी एकदा विचारलं होतं. त्यावर तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. एरवी तरी कुठे बोलायचा, म्हणून मला ते शनिवारी कळलं."

हेटी खिडकीपाशी गेली. तिने तार सोडवली आणि गठ्ठा उलटा केला. खालच्या पट्ट्या तेलाने पिवळ्या पडल्या होत्या. सगळ्यात खालच्या पट्टीवर 'हेटी' लिहून स्वल्पविराम दिला होता. पुढे काही नव्हतं. तिच्यावरच्या पट्टीवर तेच होतं आणि त्याच्या वरच्या पट्टीवरही तेच. काही ठिकाणी स्वल्पविरामानंतर पेन्सिल टेकवून ठेवल्याचा ठिपका होता. मधल्या पट्ट्यांवर अक्षर मोठं होत गेलं, मग थरथरू लागलं. तिने एकही पट्टी सोडली नाही. बाहेर रस्त्यावर कोळशाची गाडी येऊन थांबली, रिकामी झाली आणि गेली.

सगळ्यात वरच्या पट्टीला अजून तेल लागलेलं नव्हतं. तिच्यावर नावापुढे आणखी एक शब्द होता.

ये.