मुरोझोनोचं गाणं

"पुन्हा हाच मेला!" तोमिए आजींनी शेंगांची पिशवी मांडीवर आपटली. मैदानावर मुरोझोनोचं नाव पुकारलं गेलं होतं.

बेसबॉलचा आठवा डाव, दोन गडी बाद, दुसऱ्या बेसवर आपला माणूस. एक धाव आली की बरोबरी. आणि बॅट घेऊन येतोय कोण, तर मुरोझोनो! गेला महिनाभर या गृहस्थाच्या बॅटला चेंडू लागला असेल, तर तो चुकून.

शेजारी बसलेल्या इनोकुमाने ट्रंपेट उचललंच नाही.

आमच्याकडे आपल्या खेळाडूची हुर्यो उडवत नाहीत. प्रत्येकाचं एक गाणं असतं. तो आला की आधी ट्रंपेट, मग ढोल, मग सगळं स्टँड. पोटात कितीही आग असली तरी गायचं. मुरोझोनोचं गाणं तर इनोकुमाने स्वतः रचलेलं, पोरगा संघात नवा आला तेव्हा. आयुष्यात रचलेलं एकुलतं एक गाणं. जीव होता त्याचा त्यात.

"इनोकुमासान, वाजवा ना!" आमच्या घोळक्याचा म्होरक्या कुरोसे तोंडातली शिट्टी काढून ओरडला.

"नाही वाजवत."

"अहो, पोरगा वाट बघतोय!"

"बघू दे. ओठ फुटले माझे. मी इथे फुंकतोय आणि हा तिथे वारा घालतोय! आज गाण्याविना खेळू दे त्याला. कळू दे, लोकांना काय वाटतं ते."

ढोलवाला काठ्या धरून नुसता बसला. स्टँड चिडीचूप. मुरोझोनोने मान वर करून आमच्याकडे पाहिलं. पंचांनी खूण केली, तेव्हा कुठे तो खेळायला उभा राहिला. इनोकुमाने ट्रंपेट तसंच मांडीवर दाबून धरलं.

पहिला चेंडू हुकला. दुसराही हुकला.

"काय सांगत होतो?" इनोकुमा म्हणाला.

तिसऱ्याला खाडकन आवाज आला. चेंडू दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून थेट कुंपणापर्यंत गेला. धाव आली, मुरोझोनो दुसऱ्या बेसवर पोचला आणि स्टँड वेडंपिसं झालं. सगळ्यांत आधी इनोकुमाच उठला होता. "अरे माझ्या राजा!" म्हणत त्याने ट्रंपेट ओठांकडे नेलं. तेवढ्यात आजींनी त्याच्या तोंडावर पंजाच ठेवला.

"डोकं फिरलंय का? तुम्ही गप्प राहिलात म्हणून तर चेंडू लागला त्याच्या बॅटला!"

"आजी, निदान आता तरी..."

"आता तर मुळीच नाही!"

आजूबाजूच्या माना जोरजोरात हलल्या. कुरोसे पायऱ्या चढून आला आणि कमरेत वाकला.

"इनोकुमासान, उपकार झाले तुमचे. आता एवढं करा. सीझन संपेपर्यंत त्याच्या वेळेला वाजवू नका."

"सीझन संपेपर्यंत?"

"असाच चेंडू लागत राहिला त्याच्या बॅटला, तर पुढेही नकोच."

इनोकुमाने ट्रंपेट खाली घेतलं. टाळ्यांचा कडकडाट चालूच होता.

खाली मुरोझोनो हेल्मेट काढून आमच्याच स्टँडकडे बघत होता. त्याने एक हात कानामागे धरला आणि तो तसाच थांबून राहिला.