दुर्गाबाईंची अंगाई

रेकॉर्ड देवेंद्रने शर्टाच्या आत, पोटाशी धरून घराबाहेर काढली. पन्नाशी उलटलेल्या माणसाला हे शोभत नाही, हे त्याला कळत होतं. पण विचारलं असतं तर अण्णांनी नेऊ दिली नसती.

"ती रेकॉर्ड घराबाहेर जायची नाही," त्याचे वडील बळवंतराव सकाळीच म्हणाले होते. बोलण्याआधी घसा खाकरायची त्यांची जुनी सवय. ते खाकरले की घरातल्यांनी समजायचं, विषय संपला.

दांडिया बाजारातल्या वाचनालयात त्या दिवशी रेकॉर्डींचा उत्सव होता. लोकांनी घरच्या रेकॉर्डी आणायच्या आणि डीजेंनी त्या वाजवायच्या. कपाटं भिंतीकडे सरकवून मधोमध टर्नटेबलं मांडली होती, आणि त्यांच्यामागे देवेंद्रची लेक आभा उभी होती. नवरात्रात बडोदं नाचवणाऱ्या या नातीला आजोबा लाडाने 'आमची गोंगाटवाली' म्हणत.

देवेंद्रला उत्सवाचं सोयरसुतक नव्हतं. त्याला फक्त एक नक्कल हवी होती.

तो पाळण्यात असतानाच त्याची आई, दुर्गा, गेली. अण्णा सांगत, आजारपणात तिने गाऊन ठेवलेली अंगाई तेवढी त्या छोट्या रेकॉर्डवर उरली होती. आईच्या तिथीला पान वाढलं की ती लावायची आणि संपल्यावरच जेवायला बसायचं, असा घरचा नेम होता. त्या वेळी मोबाइल खोलीबाहेर ठेवायचे, ही अण्णांची सक्त ताकीद. स्वतः अण्णा मात्र स्वयंपाकघरात जाऊन बसत. त्यांना ऐकवत नाही, असं सगळे समजून घेत.

अलीकडे रेकॉर्डची खरखर फार वाढली होती. आई आता दुसऱ्यांदा जाणार, या धास्तीने देवेंद्रची झोप उडाली होती.

"आजोबांना सांगितलंत, बाबा?" आभाने विचारलं.

"तू आधी कॉपी कर."

"इथे छान वाजेल. घरच्या प्लेअरमध्ये काही राम नाही. वेगाचा खटकासुद्धा आजोबांनी डाग देऊन पक्का करून टाकलाय."

"मी लहानपणी त्याच्याशी खेळायचो, म्हणून."

छोटी रेकॉर्ड म्हणजे मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांचा वेग, हे कुणीही सांगेल. घरचा खटकाही तिथेच अडकवलेला होता. आभाने सुई टेकवली.

आवाज आला. बारीक, गोड, जरासा घाईतला. प्रत्येक कडव्याआधी एक इवलासा हुंकार. त्या हुंकारावर देवेंद्रचा फार जीव होता. आई जणू विचारायची, झोपलास का रे? गाण्यामागे त्यांच्याच दिवाणखान्यातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

"केटलो मीठो अवाज," ग्रंथपाल निरुपमाबेन म्हणाल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. देवेंद्र तर उघड रडत होता.

अंगाई संपली तेव्हा त्याचं दाराकडे लक्ष गेलं. बळवंतराव काठी टेकत आत येत होते. रेकॉर्डचं रिकामं पाकीट त्यांच्या हातात होतं.

आभाचं तिकडे लक्षच नव्हतं. कानांवर हेडफोन चढवून ती बोटाने टेबलावर ताल धरत होती. मग तिने हेडफोन काढले.

"बाबा, हे घड्याळ फार पळतंय."

"जुनंच आहे ते. पळत असेल."

"घरी ऐकताना कधी लक्षात आलं नाही. पण ताल मोजण्यातच माझा दिवस जातो, आणि घड्याळ असं पळत नाही. ही रेकॉर्ड तेहतीसची असणार. आपण आजवर आजीला घाईने आणि बारीक आवाजात गायला लावलं. तिचा खरा आवाज आपण ऐकलेलाच नाही."

देवेंद्र टर्नटेबलाजवळ सरकला. एवढी वर्षं जपलं तेही अर्धंमुर्धंच होतं तर. आणि खरी आई इथेच होती, एका खटक्याच्या अंतरावर.

"लाव," तो म्हणाला.

"देवू, घरी चल." बळवंतराव त्याच्याजवळ पोचले होते. आज ते खाकरले नाहीत. आवाजात जरब नव्हती, अजिजी होती. "ऐक माझं. आहे ते पुरे आहे."

"अण्णा, मी तिला पाहिलेलं नाही. तिचा खरा आवाज तरी एकदा कानावर पडू द्या."

बळवंतरावांनी नातीकडे पाहिलं, मग लेकाकडे. निरुपमाबेननी पुढे केलेल्या खुर्चीत ते बसले. देवेंद्रने त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि रिकामं पाकीट छातीशी धरलं. म्हातारपणी बायकोचा आवाज ऐकायचा म्हणजे असं होणारच, असं त्याला वाटलं.

आभाने खटका तेहतीसवर आणला आणि सुई पुन्हा टेकवली.

घड्याळ ठिकाणावर आलं. संथ, अगदी घरी चालतं तसं. सारं वाचनालय कान देऊन बसलं.

आणि अंगाईच्या पहिल्या शब्दाआधी, त्या मोठ्या स्पीकरमधून बळवंतराव खाकरले.