मामांची पाहणी

"मामा, येताना फाटक लावलंस ना?" भाचीने मामांना पाहिल्या पाहिल्या विचारलं. ना कसा आहेस, ना कधी निघालास.

"लावलं. कडीसुद्धा घातली," मामा म्हणाले. "तुमचा फाटकावरचा माणूस मात्र गायब. आणि बाहेर 'आज बंद'ची पाटी कसली?"

"आज लोकांना घेत नाही आहोत. टॅक्सी थांबवलीयस?"

"छे! केव्हाच गेली."

भाचीने झुडपांकडे एक नजर टाकली, मामांच्या हातातली पिशवी घेतली आणि त्यांचा दंड धरून ती समोरच्या पिंजऱ्याकडे झपाझप निघाली. "चल, आत बसू. वर पत्रा आहे, सावली मिळेल."

"पिंजऱ्यात?"

"धुतलाय सकाळीच. लंगड्या आत नाहीये. त्याला इंजेक्शन द्यायचंय आज."

लंगड्या म्हणजे बिबट्या. सापळ्यात पाय अडकलेलं पिल्लू म्हणून तो आला आणि भाचीच्या हाताखाली मोठा झाला. जखमी वाघ-बिबट्यांना सांभाळणारी ही जागा तिने नोकरी सोडून, लग्नाची बोलणी मोडून उभी केली होती. तिच्या आईची मात्र तेव्हापासून झोप उडाली होती. शेवटी मायलेकींचा तह झाला. मामांनी जाऊन पाहायचं, आणि ते धोका आहे म्हणाले तर भाचीने गाशा गुंडाळून घरी यायचं. भाचीने शब्द दिला होता.

मामांची उभी हयात विमा कंपनीत धोके जोखण्यात गेली होती. आपल्या नजरेतून काही सुटत नाही, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत. म्हणून तर न कळवता आले होते.

भाचीने गजांतून हात बाहेर काढून कडी लावली, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

"अगं, मला कशाला कोंडतेस? मी काय चावतो?"

"दार उघडं ठेवायचं नाही, असा नियम आहे. आणि मध्ये बस मामा, गजांना टेकू नकोस."

मामा उपड्या बादलीवर बसले. नियम त्यांना आवडतात. त्यांनी बसल्या बसल्या गजांची जाडी पाहिली, जोड पाहिले, आणि मान डोलावली.

तेवढ्यात वर पत्र्यावर धप्पकन काहीतरी पडलं. मामा दचकले. भाची उभी राहिली, मग हळूच खाली बसली.

"फांदी पडली वाटतं," मामा म्हणाले. "छाटून घ्या ती झाडं. धोका असा असतो बघ, बारीकसारीक."

"घेते." तिचा आवाज एकदम खाली आला होता.

तिच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. ती कुजबुजली, "हो, ऐकलं. गोळी नको, डॉक्टर. काही झालं तरी गोळी नको, इंजेक्शनच. तो घाबरलाय, त्याला वेळ द्या."

"बरोबर आहे," मामा म्हणाले. "मलाही गोळ्या उतरत नाहीत."

समोरच्या पाण्याच्या टाकीवर एक घामाघूम गृहस्थ लांब नळी घेऊन चढत होते. टाकी गळते वाटतं, असं मामांच्या मनात आलं.

भाची बोलत राहिली. लंगड्या आधी खातच नव्हता, ती पाठ करून बसली तेव्हा कुठे त्याने पहिला घास खाल्ला. माणूस दिसला की तो आधी लपतो. बोलताना तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मामांना वाटलं, बिचारी आपल्या निकालाला घाबरलीय. त्यांना भरून आलं. लहानपणी लंगडी कुत्री पलंगाखाली लपवणारी पोर ती, दुसरं काय करणार होती?

"चिमे, खरं सांग. भीती वाटते तुला?"

"वाटते. आत्ताही वाटतेय."

"कशाची?"

"हे सगळं माझ्या हातून जाईल याची."

 मामा बराच वेळ तिच्या डोक्यावर थोपटत राहिले. 

मग वॉकीटॉकीवर एकच शब्द आला, "झोपला." भाचीने चेहरा ओंजळीत लपवला. ती रडतेय की हसतेय ते मामांना कळेना. तिच्याकडे पाहून त्यांनी तिथेच बहिणीला फोन लावला.

"ताई, निर्धास्त झोप. इतकी सुरक्षित जागा मी विम्याच्या अख्ख्या नोकरीत पाहिली नाही. पोरीला कुठेही हलवायची गरज नाही. कुलपात बसतात गं ही माणसं! बिबट्या तर मला दिसलासुद्धा नाही."

पलीकडून रडू ऐकू आलं. ते सुटकेचं होतं. मामांच्याही डोळ्यांत पाणी आलं.

भाचीने कुलूप उघडलं. मामांच्या गळ्यात हात टाकून, एकदाही मागे वळू न देता, बडबड करत ती त्यांना फाटकापर्यंत घेऊन गेली. फोन करून बोलावलेली टॅक्सी त्यांना घेऊन वळणाआड जाईपर्यंत हात हलवला आणि मग पळत परत आली.

डॉक्टर टाकीवरून उतरून घाम पुसत होते. "काय म्हणाले मामा?"

"पास केलं. फक्त बिबट्या पाहायचा राहिला म्हणून हळहळत होते."

 डॉक्टरांनी वर बोट दाखवलं. पिंजऱ्याच्या पत्र्यावरून, बरोबर मामांच्या बादलीच्या वरून, चार माणसं गाढ झोपलेल्या लंगड्याला दोर बांधून जपून खाली उतरवत होती.