हॉटेलात विडी बंद

"आई, पिशवी भरून ठेव. रविवारी मी न्यायला येते," करुणा फोनवर म्हणाली, आणि तुळसाबाईला अशी ढास लागली की हो म्हणायलाही श्वास पुरेना.

करुणा तिची लेक, बारामतीला नर्स. आईला डॉक्टरांकडं तिनंच नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, चूल बंद करा. चूल गेली, गॅस आला, खोकला आपला जागच्या जागी. जन्मात कधी विडीला हात न लावलेली बाई, आणि छाती मात्र विडी ओढणाऱ्याची!

हे सगळं देणं नवऱ्याच्या हॉटेलाचं. लोणी देवकरच्या कारखान्यांकडं जाणाऱ्या रस्त्याला अगदी चिकटून गंगारामचं हॉटेल होतं. पुढं टेबलं, मागं तुळसाबाईचा भटारखाना. मधल्या भिंतीतल्या झरोक्यातून ताटं पुढं जायची आणि पुढचा धूर मागं यायचा. गल्ल्यामागच्या बाबासाहेबांच्या फोटोची काच गंगाराम रोज पुसायचा, ती रोज पिवळी व्हायची. 'धूम्रपान निषिद्ध' अशी पाटी होती की! लोक नेमके तिच्याखाली बसूनच काडी ओढायचे.

श्वास घ्यायला तुळसाबाईला एकच जागा होती, भटारखान्याची मागची खिडकी. गजांपलीकडं कडुलिंब, त्याच्यापुढं ऊस. चार भाकरी झाल्या की ती गजांना तोंड लावून उभी राहायची, छातीभर वारा घ्यायची आणि परत परातीशी यायची.

"अवो, विडी बंद करा, म्हंजे मी ऱ्हाते," ती गंगारामला म्हणाली. "न्हायतर करुणाकडं जाते. मग परत काय यायची न्हाय."

"गिऱ्हाईक तुटंल गं."

"मग गिऱ्हाईकालाच इचारा."

शनिवारी दुपारी, जेवणाच्या ऐन गर्दीत, गंगारामनं गल्ल्यावर वाटी आपटली. "मंडळी, हॉटेलात विडी-सिगारेट बंद करावी म्हणतो. तुमचं काय मत?"

झालं! कुणी म्हणालं पलीकडच्या ढाब्यावर जाऊ, कुणी म्हणालं मग दारूच्या दुकानात दूध विका. सगळ्यांत वरचा आवाज गेणबा आबांचा. आबा ऊसवाले, रोजचं गिऱ्हाईक, आणि विडी विझायच्या आत दुसरी पेटवणारे.

"जेवणावर विडी न्हाय म्हंजे ते जेवणच न्हाय!"

"आबा, कायदा हाय तसा," कारखान्यातला सुपरवायझर इंद्रजित म्हणाला.

"हाय की. त्याच्याखालीच बसलोय मी." आबांनी डोक्यावरची पाटी दाखवली. सगळे खदाखदा हसले.

तेवढ्यात तुळसाबाई मधल्या दारात आली. हाताला पीठ तसंच.

"तू कशाला हॉटेलात आलीस? तव्याकडं बघ," गंगाराम म्हणाला.

"म्हणणं माझं हाय, मीच सांगते." तिनं दाराची चौकट धरली. "मला हितं श्वास घेता येत न्हाय, आबा. घुसमटून मरायची पाळी आलीया. विडी बंद झाली तर ऱ्हाईन, न्हायतर उद्या लेकीकडं जाईन. मग ह्यांच्या हातच्या भाकरी खावा."

मागं एकदा ती आजारी पडली होती तेव्हा गंगारामनं भाकरी केल्या होत्या. त्या भाकरी कुणीच विसरलं नव्हतं.

आबांनी ताटातल्या पदर सुटलेल्या भाकरीकडं बघितलं. एक झुरका मारला. मग हात वर केला, विडीसकट. "बंद करून टाक गंगाराम. वहिनी ऱ्हायली पायजे."

एकामागून एक हात वर गेले. इंद्रजितनं शिट्टी वाजवली. तुळसाबाईचे डोळे भरून आले. ही दांडगट माणसं आपल्यासाठी विडी सोडतील असं तिला सपनातसुद्धा वाटलं नव्हतं.

"शब्द देताय?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"दिला. हॉटेलात कुणी विडी पेटवली तर हाताला धरून भाईर काढीन."

"मग माझाबी शब्द घ्या. हितनं हलत न्हाय मी."

रविवारी करुणा रिक्षा घेऊन आली. धुतलेल्या भिंती बघितल्या, रिकामी पिशवी बघितली. "आई, नक्की ना?" तिनं दोनदा विचारलं.

"सगळ्या हॉटेलानं माझ्यासाठी हात वर केला, बाई. आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

करुणा एकटीच परत गेली.

सोमवारी जेवणं सुरू झाली. झरोक्यातून तुळसाबाईला पहिल्यांदाच तिच्याच मेथीच्या भाजीचा वास परत आला. भिंतीपलीकडं गंगाराम दिल्या शब्दाला जागत होता. "ए इंद्रजित, हॉटेलात न्हाय म्हंजे न्हाय! ऊठ!" रस्त्याकडून उसाच्या ट्रॅक्टरचा भोंगा आला, पाठोपाठ आबांची शिवी. "आरं, मराय घालतो का आमाला? पुढं उभं ऱ्हायाला तरी जागा हाय का?" मग बाकडं ओढल्याचा आवाज आला, आणि सगळं शांत झालं.

तुळसाबाई गालातल्या गालात हसली. हातातली भाकरी तव्यावर टाकली, कपाळ पुसलं आणि नेहमीसारखी वाऱ्याला म्हणून मागच्या खिडकीशी गेली.

कडुलिंबाखाली, खिडकीला लागून, हॉटेलातलं लांब बाकडं टाकलेलं होतं आणि ते खच्चून भरलं होतं. गजांमधून एक हात आत आला. बोटांत न पेटलेली विडी.

"वहिनी," गेणबा आबा लाडानं म्हणाले, "तेवढी गॅसवर पेटवून द्या की."