हेमेदींची तक्रार

"चार घास धड खायला घालायचे नव्हते, तर लग्न कशाला केलंस, धाकट्या आई?" रेहेमाने विचारलं.

म्वानाइदी आपल्या नवऱ्याचे, रेहेमाच्या वडिलांचे, कपडे पिशवीत भरत होती. दोघी एकाच वयाच्या, चाळिशीतल्या. 'धाकटी आई' हे रेहेमाच्या तोंडून शिवीसारखंच यायचं.

ओसरीवर वेताच्या खुर्चीत म्हातारे हेमेदी मान खाली घालून ऐकत होते. लिंडीपासून वर दार-एस-सलामपर्यंत सगळ्या किनाऱ्यावर त्यांच्या कादंबऱ्या वाचल्या जात. सख्ख्या भावांना, सासू-सुनांना ते कागदावर असं भिडवत, की वाचणारीची चुलीवरची लापशी करपावी. पण अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि लिहिणं संपलं. तोंड तेवढं शाबूत राहिलं. आणि फोन.

फोनवर ते लेकीला सांगत, "अळणी लापशी देते गं. मासा नजरेलासुद्धा पडत नाही." मीठ डॉक्टरांनी तोडलं होतं, हे मात्र सांगत नसत. लेकाला सांगत, "घर नावावर कर म्हणून मागे लागलीय." म्वानाइदीने घराचा विषय कधी काढलाच नव्हता. मग पोरं चिडून दार-एस-सलामहून बसने येत आणि तिला फैलावर घेत. आपल्यासाठी कुणीतरी भांडतंय, याचं हेमेदींना सुख वाटे.

पोरं परत गेली की ते सुख टिकत नसे. म्वानाइदी लापशीत नारळाचं दूध घालून आणी. "पोरांचं बोलणं मनावर घेऊ नका," असं उलट त्यांनाच समजावी. तिच्या हातचा घास घेताना त्यांना तिच्याकडे बघवत नसे. पुढच्या खेपेला खरं सांगून टाकू, असं ते दर वेळी ठरवत. मग फोन वाजे.

आज रेहेमाबरोबर तिचा भाऊ शबानी गाडी घेऊनच आला होता.

"बाबा, बास झालं. आता आमच्याकडे राहायचं," तो म्हणाला.

म्वानाइदीने औषधांची पिशवी त्याच्या हातात दिली. "ही पांढरी गोळी जेवणाआधी. आणि गिळताना त्यांना ठसका लागतो. जेवताना कुणीतरी शेजारी बसायला हवं."

"पुरे झालं नाटक," रेहेमा म्हणाली. "आणि हे घर लवकर रिकामं कर. तुझी सोय तू बघ."

म्वानाइदीने नुसती मान डोलावली. ती डोललेली मान हेमेदींना सोसवली नाही.

"रेहेमा, मी खोटं बोललो."

"तिला घाबरून म्हणताय तुम्ही."

"नाही गं. तिने मला एक दिवस उपाशी ठेवलं नाही. घर मागितलं नाही. सगळं मी रचलं. तुम्ही यावं म्हणून."

शबानीने औषधांची पिशवी खाली ठेवली. रेहेमा पायरीवर बसली. हेमेदींनी मोठ्या कष्टाने बायकोकडे मान वळवली.

"तुला काय तोंड दाखवू मी?"

"मला ठाऊक होतं," म्वानाइदी म्हणाली. "स्वयंपाकघरात सगळं ऐकू येतं."

रेहेमाने वर पाहिलं. "ठाऊक होतं? मग इतके दिवस आमच्या शिव्या का खाल्ल्यास? एका शब्दाने सांगायचं होतंस."

म्वानाइदीने एक सदरा पिशवीतून काढला आणि मांडीवर घेऊन पुन्हा घडी घातली.

"आजारी पडल्यावर पहिलं वर्षभर हे फोनवर माझं कौतुकच करायचे," ती म्हणाली. "त्या वर्षी ईदलासुद्धा तुमच्यातलं कुणी आलं नाही."