बारा नोव्हेंबरचे खेकडे

"मॅडम, तुमचे खेकडे मेलेले नाहीत," शेवटच्या बाकावरची मुलगी म्हणाली.

सावंतमॅडमच्या हातातला खडू थांबला. दोन वर्षांत खाडीतले निम्मे खेकडे नाहीसे झाले, हे त्यांचं ताजं संशोधन. मुलांच्या विज्ञान-मासिकात छापण्याआधी ते नववीला समजतंय का, एवढंच बघायला त्या आल्या होत्या. "अगं, मी दोन्ही वेळा बारा नोव्हेंबरलाच मोजलेत!"

"तेच तर! दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं, म्हणजे अमावास्या, उधाणाची भरती. यंदा अष्टमी. अष्टमीला पाणी वरपर्यंत चढतच नाही, खेकडे बिळातच बसतात. माझी आई त्या दिवशी टोपली उचलतसुद्धा नाही."

मॅडमनी खडू खाली ठेवला. खेकड्यांच्या घरी बारा नोव्हेंबर नसतोच, हे एकदाही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. छापून गेलं असतं तर!

पुढच्या अमावास्येला त्या मुलीबरोबर चिखलात उतरल्या. पाणी ओसरलं आणि जिकडेतिकडे लाल नांग्या वर आल्या. मोजता मोजता मॅडमना हसू आवरेना.

चिखलाच्या हातानेच त्यांनी संपादकांना फोन लावला. "लेखाचा मथळा बदला."

"काय देऊ?"

"'खेकडे घरीच होते.'"