वर बघ, फोटो निघतोय

“मावशी, ऊठ! बाजार सापडलाय!”

फ्रेमवाली दुकानातून आतल्या खोलीत आली ती धावतच. साठीला टेकलेली बाई, गुडघे एरवी पावलागणिक कुरकुरणारे. आज त्यांना कोण विचारतो! हातात एक जुनं, पिवळं पडलेलं पोस्टकार्ड. भंगारवाल्याकडून घेतलेली फ्रेम ती खोलत होती. आत जहाजाचं चित्र होतं, आणि ते हलू नये म्हणून कुणीतरी मागे हे कार्ड कोंबलं होतं. तिने त्याच्यावरची बुरशी घाईघाईने पुसली. एक पांढरा ठिपका तेवढा नखाने खरवडूनही निघाला नाही.

मावशीची दुपारची झोप मोडली होती, त्यामुळे ती फणकाऱ्यानेच उठून बसली. “बाजार कुठं हरवला होता? कोपऱ्यावर तर आहे.”

“तो नव्हे गं! जुना. घड्याळाच्या मनोऱ्याखालचा. तुम्हा बहिणींचा!”

मावशीची झोप कुठल्या कुठे पळाली. उशीखालचा चष्मा सापडेना, सापडला तर कानावर बसेना. तोवर काच कापायची सोडून फ्रेमवालीचा नवराही भिंग घेऊन आला.

सगळा जन्म फ्रेमवालीने लोकांच्या आईबापांना काचेआड बसवलं होतं. गल्लीत तिच्या हातची फ्रेम नाही असं घर नव्हतं. तिच्या स्वतःच्या आईचा मात्र एकही फोटो नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आई गेली तेव्हा ती रांगायलाही लागली नव्हती. वाढवलं ते मावशीने. आईबद्दल तिला ठाऊक होतं ते एवढंच, की जुन्या बाजारात मनोऱ्याच्या पायथ्याशी दोघी बहिणी टोपल्या विकायच्या. पुढे तो बाजारही पाडला गेला.

आणि आता तो तिच्या तळहातावर होता. मनोरा, कमानी, ताडपत्र्या, हातगाड्या, आणि माणसंच माणसं. खसखशीएवढाले चेहरे, सगळे वर बघणारे.

मावशीने कार्ड उलटं धरलं. जावयाने ते सुलटं करून दिलं.

“हा बेकरीवाला,” मावशीचं बोट सरकू लागलं. “मेला, कालचं आज ताजं म्हणून विकायचा. ही बटाटेवाली. नाक बघ, इथूनसुद्धा ओळखू येतंय.”

“मावशी, आई!”

“थांब की जरा! बाजारात एकदम कसं पोचता येईल? वाट काढतच जावं लागतं.”

फ्रेमवालीचा जीव टांगणीला लागला. नवरा म्हणाला, सापडली तर लगेच मोठा फोटो करून घेऊ, दारासमोरच्या भिंतीवर लावू. लग्न झाल्यापासून तिने ती भिंत मोकळी ठेवली होती. तिथे साधं कॅलेंडरही तिने कधी लावू दिलं नव्हतं.

एकाएकी मावशी किंचाळली. “अगं बाई! ही तर मीच!”

खरंच की. टोपल्यांच्या ढिगापुढे मावशी उभी होती, हात कमरेवर, हनुवटी वर, सगळा बाजार आपल्याच मालकीचा असल्यासारखी.

“केवढीशी होते मी! फुंकर मारली तर उडाले असते.”

“जीभ तेव्हाही एवढीच होती का हो?” जावयाने खोडी काढली.

“तिच्यावरच तर टोपल्या खपायच्या, जावईबापू!”

“आणि शेजारी?” फ्रेमवालीचा आवाज चिरकला. “तुझ्या शेजारी कोण आहे?”

शेजारी एक बाई होती. सगळा बाजार वर बघत होता आणि ही एकटी खाली वाकलेली. वेणी, मान आणि पाठ तेवढी दिसत होती. दोन्ही हात समोरच्या टोपलीत.

मावशीने नाक ओढलं.

“हीच गं. हीच तुझी आई.”

फ्रेमवाली आनंदाने ओरडलीच. नवऱ्याचा दंड तिने असा आवळला की तोही ओरडला. मग मावशीच्या हातून भिंग हिसकावून तिने कार्ड खिडकीशी नेलं. उजेडात तिरपं केलं, खालून बघितलं, बाजूने बघितलं. त्या बाईने काही मान वर केली नाही.

“मावशी, तोंड दिसत नाही.”

“कसं दिसेल? तो फोटोवाला समोरच्या गच्चीवर चढला होता. टाळ्या पिटून सांगितलं, सगळे वर बघा, हलू नका. बटाटेवालीने तर श्वास धरून ठेवला. मी हिला कोपराने ढोसलं. म्हटलं, अगं वर बघ, फोटो निघतोय! तर म्हणते कशी, ‘निघू दे. ही आत्ताच जागी झालीय.’”

“ही कोण?”

“टोपलीत निजवलेलं कोण असणार? कांदे?”

फ्रेमवालीने पुन्हा भिंगाला डोळा लावला. टोपलीच्या काठाशी, आईच्या दोन हातांच्या मधे, तो पांढरा ठिपका होता. मघाशी तिने नखाने खरवडलेला. तिने आपलं नख पदराआड लपवलं. मग हसू की रडू हे न कळून दोन्ही करू लागली.

“मला एकदा तिचं तोंड बघायचं होतं गं, मावशी.”

“बघितलंयस की,” मावशी म्हणाली. “त्या सबंध बाजारात ते तेव्हा एकट्या तुलाच दिसत होतं.”